वाचावा न लागणारा कागद

प्लॅस्टिकच्या पिशव्या येण्याआधी किराणा दुकानात पुडी बांधत. वर्तमानपत्राचा चौकोन, मध्ये पावशेर साखर किंवा थोडं जिरं, दोन कडा जुळवून एक दुमड, टोकं आत खोचायची आणि वरून दोऱ्याचे वेढे. पिशवीत उलटीपालटी झाली तरी घरी पोचेपर्यंत साखरेचा कण सांडत नसे. सोनाराची गुलाबी कागदातली पुडी वेगळी, वैद्याच्या चूर्णाची वेगळी, देवळातल्या अंगाऱ्याची वेगळी आणि भेळेचा पुडा आणखी वेगळा. दुकानात हाताखाली राहिलेला पोरगा मालकाच्या हातांकडे बघत बघत हे शिकायचा. पुस्तक मध्ये येत नव्हतं. त्या पोराला वाचता येतं की नाही, हे पुडी बांधताना विचारायचं कारणच नव्हतं.

कागदाच्या घडीचं हे कसब आपल्या गावांतून जवळपास संपलं. शिरूर तालुक्यातल्या निमोण्यासारख्या गावात आता दुकानातला माल कारखान्यातूनच बंद होऊन येतो. कागदाला मुलाचा हात लागतो तो वहीचा आणि पुस्तकाचा कागद म्हणून. म्हणजे लिहायला आणि वाचायला. ज्या मुलाचं नेमकं लिहिण्या-वाचण्याशीच जमत नाही, त्याच्या वाट्याला कागद येतो तो फक्त लाल शाईच्या खुणा घेऊन. अशा मुलाच्या हातात तोच कागद कोरा द्यावा आणि घडी घालायला सांगावं, म्हणजे काय होतं, याबद्दल हा लेख आहे.

डिस्लेक्सिया हा शब्द ‘तारे जमीन पर’ मुळे घराघरांत पोचला. डिसेंबर २००७ मध्ये आलेल्या त्या सिनेमातला ईशान नावाचा मुलगा चित्रं काढतो, यंत्रं जोडतो, पण अक्षरं त्याच्यासमोर नाचतात. वैद्यकाला मात्र ही अडचण त्याच्या शंभरेक वर्षं आधीपासून माहीत होती. १८८० च्या दशकात जर्मनीतल्या रूडॉल्फ बर्लिन या नेत्रवैद्याने हा शब्द वापरला. १८९६ मध्ये इंग्लंडच्या सिफर्ड गावातल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. मुलगा हुशार, खेळात पुढे. तीन आकडी संख्यांचा गुणाकार झटक्यात बरोबर करायचा, पण स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची उलटापालट करायचा. त्याच्या शिक्षकांचं मत असं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. मॉर्गन यांच्याकडे त्यावर उपाय नव्हता, पण मुलाला त्यांनी मठ्ठ किंवा आळशी म्हटलं नाही. इतक्या वर्षांनंतरही ते वाचून बरं वाटतं, कारण आपल्याकडे ही दोन्ही विशेषणं अजून सहज वापरली जातात.

डिस्लेक्सियाचं मूळ डोळ्यांत नाही. बोललेल्या शब्दातले सुटे आवाज वेगळे ओळखणं आणि ते लिहिलेल्या खुणांशी पटकन जोडणं, हे काम ज्या मेंदूत सहज होत नाही, त्याची ही अडचण. बुद्धीशी तिचा संबंध नसतो. ती जन्मभर सोबत राहते, योग्य पद्धतीने शिकवलं तर वाचन सुधारतं, पण वेग बहुधा कमीच राहतो. शाळकरी मुलांमध्ये वाचन, लेखन आणि गणितातली अशी विशिष्ट अक्षमता शंभरात पाच ते पंधरा जणांना असते, असा अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेचा अंदाज आहे. त्यातला खालचा आकडा धरला तरी साधारण प्रत्येक वर्गात एखाददुसरा निघतो.

मराठीत हा त्रास कसा दिसतो, याकडे फारसं लक्ष गेलेलं नाही, कारण या विषयावरची बहुतेक उदाहरणं इंग्रजीतून येतात. इंग्रजीत मूल b आणि d ची गल्लत करतं असं सांगतात, तसे आरशातले जोड देवनागरीत फारसे नाहीत. आपल्याकडे घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व यांची जवळीक आहे, आणि जुन्या वळणाचा ख तर ‘रव’ असाच दिसतो. पण खरी अडचण क्रमाची आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, डावीकडे काढायची आणि उच्चारायची मात्र क नंतर. ‘सूर्य’ मधला र बोलताना य च्या आधी येतो आणि लिहिताना य च्या डोक्यावर जाऊन बसतो. हाच र ‘प्रकाश’ मध्ये पायाशी तिरका होतो, ‘ट्रक’ मध्ये खालून टोपीसारखा येतो आणि ‘दुसऱ्या’ मध्ये आणखी निराळा होतो. कानाने ऐकलेला क्रम आणि कागदावर दिसणारा क्रम वेगळा असणं, ही बहुतेक मुलांना दोनचार महिन्यांत अंगवळणी पडणारी गोष्ट. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला ती पाचवीतही प्रत्येक वेळी नव्याने सोडवावी लागते. ऱ्हस्व-दीर्घाचं ओझं त्यावर वेगळंच. शिवाय महाराष्ट्रात २००० पासून पहिलीतच इंग्रजी सुरू होतं, म्हणजे एका लिपीत पाय रोवायच्या आत दुसरी येते.

आता याच मुलाला वर्तमानपत्राचं पान द्या आणि होडी करायला शिकवा. साधी होडी, मग शिडाची, मग नांगरहोडी. इथे दिसतो तोच क्रम असतो. पहिली घडी पहिली, दुसरी दुसरी, आणि आधी केलेलं सगळं कागदावर उमटलेलं राहतं. चारपाच तोंडी सूचना डोक्यात साठवून ठेवणं ज्या मुलांना जड जातं, त्यांच्यासाठी ही फार मोठी सवलत आहे. कुठवर आलो, हे कागदच दाखवतो.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती चुकांबद्दलची गोष्ट. शुद्धलेखनात मुलाला आपली चूक कळत नाही, ती दुसरं कुणीतरी सांगतं. त्याने ‘धर’ लिहिलेलं असतं आणि त्याला ते ‘घर’च दिसत असतं. वही तपासून परत आली की गोल केलेले शब्द दिसतात. ते का चुकले, हे तरीही दिसत नाही. घडीत मात्र कोपरा कोपऱ्याला मिळाला नाही तर त्याच क्षणी डोळ्यांना आणि बोटांना कळतं. शिक्षकाला यावं लागत नाही. घडी उलगडायची, नखाने पुन्हा दाबायची, पुढे जायचं. आपली चूक आपणच पकडून आपणच सुधारली, हा अनुभव अशा मुलाला शाळेत वर्षभरात किती वेळा मिळतो, याचा विचार शिक्षकांनी आणि आईवडिलांनी जरूर करावा.

घडीकामाची लिखित भाषाही आहे, आणि ती अक्षरांची नाही. ती आज जगभर वापरली जाते आणि तिचं श्रेय अकिरा योशिझावा या जपानी कलाकाराला जातं. १९११ साली तोचिगी प्रांतातल्या शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा माणूस तरुणपणी कारखान्यात काम करत होता. तिथल्या नव्या कामगारांना भूमिती शिकवायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा त्याने कागदाच्या घड्या वापरल्या. पुढे नोकरी सोडून त्याने आयुष्य ओरिगामीला वाहिलं आणि बरीच वर्षं दारोदार खाण्याचे पदार्थ विकून गुजराण केली. १९५४ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकात घड्यांसाठी खुणा होत्या. आत दुमडायच्या घडीला तुटक रेघ, बाहेर दुमडायच्या घडीला रेघ आणि टिंबं, कागद कुठून कुठे न्यायचा ते दाखवणारे बाण. अमेरिकेतले सॅम्युएल रँडलेट आणि इंग्लंडमधले रॉबर्ट हार्बिन यांनी १९६० च्या सुमारास त्यात थोडी भर घातली आणि ही पद्धत सगळीकडे रूढ झाली. आत जाणाऱ्या घडीला दरी आणि वर येणाऱ्या घडीला डोंगर म्हणतात. सह्याद्रीच्या मुलखातल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. जपानी पुस्तक मराठी मुलगा उघडतो आणि एकही शब्द न वाचता बगळा करतो. पुस्तक उघडून त्यातून स्वतःचं स्वतः काही शिकणं, हे ज्याच्या वाट्याला कधी आलेलं नाही, त्याला ते इथे पहिल्यांदा करता येतं.

महाराष्ट्रात कागदाच्या घड्यांना मोठ्या माणसांच्या जगात मानाचं स्थान मिळवून दिलं ते डॉ. अनिल अवचट यांनी. १९४४ मध्ये जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, पण लिहीत राहिले कष्टकऱ्यांवर, दुष्काळावर, तंबाखूच्या वखारीतल्या बायकांवर. पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्यासह १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. याच माणसाने बासरी, लाकडातलं कोरीवकाम, चित्रकला आणि ओरिगामी हे छंद आयुष्यभर सांभाळले आणि ‘छंदांविषयी’ व ‘मजेदार ओरिगामी’ ही पुस्तकं लिहिली. २७ जानेवारी २०२२ रोजी ते गेले. अवचटांनी डिस्लेक्सियासाठी म्हणून घडीकाम मांडलं नव्हतं. त्यांनी छंद हा छंद म्हणूनच मांडला. त्यातून पैसा, पदवी, बक्षीस काही मिळवायचं नाही, तो करताना जो आनंद होतो तेवढ्यासाठी करायचा. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाच्या प्रत्येक मिनिटाचा हिशोब मागणाऱ्या घरांना ही भूमिका समजून घ्यायची गरज आहे.

पुण्यात आणखी एक मुक्तांगण आहे, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतली मुक्तांगण विज्ञान शोधिका. तिथे अरविंद गुप्ता यांनी बरीच वर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवलं. १९७५ मध्ये कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडलेला हा इंजिनिअर आधी टेल्को कंपनीत होता, मग मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाकडे वळला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वर्तमानपत्राच्या एकाच पानातून एकामागून एक टोप्या, शेपूट ओढली की पंख हलवणारा पक्षी, बोलणारा कावळा, असे कितीतरी प्रकार त्यांनी हजारो मुलांच्या हातांत दिले. ‘ओरिगामी मित्र’ या संस्थेच्या मंडळींनीही पुण्या-मुंबईत ही कला जोपासली आहे.

याच्याही मागे जायचं तर मद्रासला जावं लागतं. तिथे १८९३ मध्ये टी. सुंदरराव यांचं कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक निघालं. बालवाडीचे जनक फ्रोबेल यांच्या कागदकामावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. चौरस कागद घ्यायचा आणि पट्टी-कंपासाशिवाय समभुज त्रिकोण, पंचकोन, पुढे वक्ररेषांपर्यंत जायचं. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्या पुस्तकाचा उल्लेख केला आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. पाठ्यपुस्तकातलं प्रमेय वाचताना ज्याची दमछाक होते, त्याला कर्ण म्हणजे काय हे समोरासमोरचे कोपरे जुळवताना कळलेलं असतं. भूमितीचा तास त्याच्यासाठी सोपा होईल असं मी म्हणत नाही, कारण प्रश्न शेवटी वाचूनच सोडवायचा असतो. पण कळलेलं आहे, हे त्याला स्वतःला ठाऊक असतं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. घडीकाम हा डिस्लेक्सियावरचा उपचार नाही. बगळा करता आला म्हणून जोडाक्षर वाचता येत नाही. वाचन सुधारतं ते आवाज आणि अक्षर यांची जोडणी पायरीपायरीने, भरपूर सरावाने आणि एकेका मुलाकडे लक्ष देऊन शिकवल्यावर. डिस्लेक्सिया असलेल्यांना चित्ररूप विचारांची खास देणगी असते, असंही हल्ली सगळीकडे सांगितलं जातं. संशोधन इतकं सरळ बोलत नाही. कॅटिया फॉन कारोली यांच्या २००१ मधल्या अभ्यासात, प्रत्यक्षात असूच शकत नाहीत अशा आकृत्या ओळखण्यात डिस्लेक्सिया असलेली मुलं जास्त वेगवान निघाली. एलन विनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या त्याच सुमाराच्या अभ्यासात मात्र अवकाशाची जाण तपासणाऱ्या बऱ्याच चाचण्यांत तसा वरचढपणा दिसला नाही. मला वाटतं, देणगीची ही भाषा मुलांवर नवं ओझं टाकते. वाचता येत नाही तर निदान कलाकार तरी हो, असा तगादा सुरू होतो. मुलाला घडीकाम आवडलं आणि तो त्यात साधारणच राहिला, तरी काही बिघडत नाही.

काही मुलांना ते आवडणारही नाही. डिस्लेक्सियाबरोबर हातांच्या हालचालींचा मेळ बसण्यातही अडचण असलेली मुलं असतात. बारीक घडी त्यांना वहीइतकीच छळते. त्यांच्यासाठी वर्तमानपत्राचं अख्खं पान घ्यावं, टोपीवर थांबावं, किंवा सरळ दुसरा छंद शोधावा.

शिकवण्याच्या पद्धतीत मात्र बारकावे आहेत, आणि ते माहीत नसल्यामुळे चांगल्या हेतूने सुरू केलेला तासही फसतो. शिक्षक मुलासमोर बसून दाखवतो तेव्हा त्याची डावी बाजू मुलाची उजवी होते. डाव्या-उजव्याचा गोंधळ या मुलांपैकी अनेकांना असतो, म्हणून शेजारी बसावं, दोघांची तोंडं एकाच दिशेला. ‘डावा कोपरा उजवीकडे’ असं म्हणण्याऐवजी ‘खिडकीकडचा कोपरा दाराकडे’, ‘रंगीत बाजू वर’ असं सांगावं. त्यासाठी एका बाजूने रंगीत असलेला घोटीव कागद सोयीचा. तो जवळ नसेल तर वर्तमानपत्राच्या एका बाजूवर खडूचे पट्टे ओढून भागतं. एका वेळी एकच घडी, आणि ती सगळ्यांची झाल्याशिवाय दुसरी नाही. सगळ्यात चांगली युक्ती उलटी आहे. तयार होडी मुलाच्या हातात द्यावी आणि ती उलगडायला सांगावी. उलगडलेल्या कागदावरच्या रेघांवरून ती परत उभी करताना मूल जे शिकतं, ते शंभर वेळा सांगून शिकवता येत नाही. बगळा करताना बहुतेकांची गाडी एका ठिकाणी अडते. चौकोनी घडीतला वरचा एकच पदर उचलून लांब करायचा असतो आणि बाजू आपोआप आत वळतात, तिथे. त्या जागी शिक्षकाने मुलाच्या हातातला कागद काढून घेऊन स्वतः घडी घालून देऊ नये. आपल्या कागदावर पुन्हा दाखवावं. हातातलं काम काढून घेतलं जाण्याचा अनुभव या मुलांना आधीच भरपूर असतो.

हे सगळं शहरात बोलणं सोपं. निमोण्याच्या आसपासचा मुलूख उसाचा आहे, आणि उसाच्या मुलखात एक वेगळी गुंतागुंत असते. तोडणीच्या हंगामात फडावर आलेल्या कुटुंबांची मुलं आपल्या गावच्या शाळेपासून महिनेच्या महिने दूर असतात. साखरशाळांनी काहींना आधार दिला, सगळ्यांना नाही. अशा मुलाला तिसरीत वाचता येत नसेल, तर ते शिकायला न मिळाल्यामुळे की डिस्लेक्सियामुळे? पुरेसं शिक्षण मिळालेलं असूनही वाचन मागे पडलं, तरच डिस्लेक्सिया म्हणता येतो. त्यामुळे ही मुलं निदानाच्या चौकटीतच बसत नाहीत आणि खरोखर अडचण असलेलं मूल ‘शाळा बुडाली म्हणून’ या कारणाखाली दडून जातं. मराठीतून तपासणी करायची साधनं आली आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीसाठीही ‘डाली’ नावाचा चाचणीसंच तयार केला. कायदाही सोबतीला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि महाराष्ट्राने तर त्याच्या वीस वर्षं आधीच, १९९६ मध्ये, शालांत परीक्षेत अशा मुलांसाठी सवलती सुरू केल्या होत्या. पण प्रमाणपत्र मिळतं ते ठरावीक सरकारी रुग्णालयांत. एका दिवसात ते काम होत नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या बापाला प्रत्येक खेपेचा खाडा पडतो. तेव्हा गावातली बरीच मुलं निदानाशिवायच शाळा संपवतात आणि पुढे वाचावं लागणार नाही असं काम शोधतात. आज तिशी-चाळिशीत असलेले असे कितीतरी जण आहेत, जे ट्रॅक्टरचं इंजिन डोळे मिटून जोडतील आणि बँकेतली चिठ्ठी मात्र शेजाऱ्याकडून भरून घेतील. त्यांना कुणी कधी छंदाबद्दल विचारलेलं नाही. घडीकाम मुलांचंच असतं असं काही नाही. बाप आणि मुलगा एकाच कागदापासून सुरुवात करू शकतात, आणि या एका कामात बापाला मुलापासून काही लपवावं लागत नाही.

घडीकामाला निदान लागत नाही. प्रमाणपत्रही लागत नाही. शाळा बुडालेलं मूल आणि डिस्लेक्सिया असलेलं मूल एकाच सतरंजीवर बसून तीच होडी करू शकतात, आणि त्या तासाला दोघांतला फरक ओळखायची गरज कुणालाच पडत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांना त्यासाठी वेळही आहे. राज्यात २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आला आहे. त्यातल्या एका तासाला रद्दी वर्तमानपत्रं पुरतात. पण त्यासोबत दोन पथ्यं शाळेने पाळायला हवीत. वाचनात मागे असलेल्या मुलाला नेमक्या त्याच तासाला जादा अभ्यासासाठी वर्गाबाहेर काढू नये. आणि तास संपल्यावर ‘आज मी होडी केली’ या विषयावर पाच ओळी लिहायला सांगू नयेत.